अवेळची कळी

स्टुटगार्टच्या चढावरल्या त्या घरात केलरच्या, म्हणजे तळघराच्या, किल्लीवर अरुंधतीचीच सत्ता चालायची. पानं झडली की बाल्कनीतल्या मिनी गुलाबांच्या कुंड्या ती तळघरात, थंड अंधारात नेऊन ठेवायची आणि मार्चपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. "त्यांना थंडीत निजू द्या. उबेत आणलंत तर अवेळी फुटतील आणि जीव टाकतील," हे तिच्या नवऱ्याला, उल्हासला, दर हिवाळ्यात ऐकावं लागे.

यंदा कुंड्या त्यानेच खाली नेल्या, कारण अरुंधतीला ओझं घेऊन जिना झेपेना. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरीणबाईंनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं, जर्मन माणसं सांगतात तसं. अरुंधतीचं जर्मन बाजारहाटापुरतं, ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि गाड्यांच्या इंजिनांत हयात घालवलेल्या या हुशार माणसाने भाषांतर केलं, "औषध बदलतायत. वेळ लागेल, पण उतार पडेल." आपल्याकडे असंच करतात. त्याच्या वडिलांच्या वेळी अख्ख्या घराने केलं होतं, आणि वडील समाधानाने गेले असं सगळे अजून सांगतात. वडिलांना कुणी विचारलं होतं म्हणा!

डॉक्टरीणबाईंनी मार्चची आशा ठेवू नका म्हटलं होतं. म्हणून नाताळच्या सुट्टीत उल्हासने गुपचूप कुंड्या वर आणल्या, आपल्या कामाच्या खोलीत हायझुंगच्या गरम नळ्यांपाशी मांडल्या, वर दिवा लावला. लालसर कोंब फुटले तेव्हा तो पोरासारखा हरखला. तिने एक फूल बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

जानेवारी सरता सरता एका कळीने रंग दाखवला. ती कुंडी घेऊन तो तिच्या उशाशी गेला. आता चांगली खरडपट्टी निघणार, या कल्पनेनेच त्याला बरं वाटत होतं.

अरुंधतीने सवयीने पान उलटलं. खाली बारीक जाळी होती. "कोळी लागलाय. वाचत नाही हे," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघितलं. "मार्चपर्यंत धीर धरवला नाही तुम्हाला?"

"अगं, सहज आपलं..."

"किती दिवस म्हणाल्या होत्या हो डॉक्टरीणबाई?"

तो गुळमुळीत काहीबाही बोलू लागला. शेवटी त्याला सांगावंच लागलं, आणि सांगताना तोच रडला.

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. संताप होता.

"दिवाळीत मी चालत होते हो. सांगलीला जाऊन आईला भेटून आले असते. उन्हाळ्यात जाऊ म्हणालात, मी ऐकलं. आता विमानात कोण बसवून घेणार मला?"

"तुझा धीर खचू नये म्हणून..."

"आईला फोन लावा. माझ्यात ताकद नाही, तुम्हीच सांगा. आणि या वेळी सगळं सांगा."

त्याने फोन लावला. पलीकडून सासूबाईंचा उत्साही आवाज आला, "बोला जावईबापू! उन्हाळ्यात येताय ना? अरूची खोली रंगवून घेतलीय."