चेसिसवरचे सात आकडे

मिस्त्रीने जीपच्या चेसिसवर पातळ कागद धरला, शिसपेन्सिल आडवी केली आणि घासायला लागला. असं घासलं की लोखंडावर ठोकलेले आकडे कागदावर पांढरे उमटतात. तपासणीच्या अर्जाला तो ठसा जोडावा लागतो. कागद सगळा करडा झाला, पण आकडा एकही उमटला नाही. त्याने दुसरा कागद घेतला. तोही करडा.

"ताई, नंबर इथेच होता," तो म्हणाला. "या जीपांचा नंबर याच जागी, डांबराखाली असतो." मग त्याने कागद बाजूला केला आणि खालच्या चकचकीत पट्टीकडे बघत राहिला. "इथे हात कोणी मारला?"

"मी," मी म्हणाले.

रविवारी दादाने मला त्या पट्टीचं काम दिलं होतं. उजवीकडे, पुढच्या चाकाच्या मागे, गंज, जुना रंग आणि डांबर यांचा बोटभर जाड थर होता. "एवढं साफ कर, रंग मी मारतो," तो म्हणाला. दुसऱ्या कोणी तारेच्या ब्रशने चार हात मारून सोडून दिलं असतं. मी एकोणीस वर्षं एका ओतकाम कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. पोलादाचे तुकडे कापायचे, घासायचे, आरशासारखे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, हे माझं काम. खड्डा दिसला की तो जाईपर्यंत घासायचं, हे हाताला इतकं अंगवळणी पडलंय की डोक्याला विचारावं लागत नाही. मी आधी छोटी घासणी मशीन चालवली, मग जाड पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग सगळ्यात बारीक. डांबराखाली काही खड्डे दिसले होते. ते मी काढून टाकले. काम संपलं तेव्हा पट्टीत मला माझा चष्मा दिसत होता आणि मी खूश होते.

ते खड्डे म्हणजे आकडे होते.

"शुक्रवारी साहेब येणार," मिस्त्री म्हणाला.

मला माहीत होतं. त्या दिवशी मंगळवार होता. जीपची नोंदणी महिनाअखेर संपत होती. नव्याने करायची तर आरटीओच्या निरीक्षकाने घरी येऊन चेसिसचा नंबर डोळ्यांनी वाचायला हवा. इंजिन पूर्वीच कधीतरी बदललेलं, त्यामुळे ही गाडी म्हणजे कागदातलीच गाडी, याला चेसिसवरच्या त्या सात आकड्यांशिवाय दुसरा पुरावा नव्हता. नंबर वाचता आला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी नसलेली इतकी जुनी गाडी थेट भंगारात. तिथे ती गॅसकटरने कापतात.

आणि दादाने त्या गाडीत चौदा महिने घातले होते. पाणीपुरवठा खात्यात असताना तो अशाच जीपमधून टेकडीवरच्या टाक्यांपर्यंत जायचा. निवृत्त झाल्यावर त्याने ही शोधली, एका वीटभट्टीच्या शेडमध्ये. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. घरी आणली तेव्हा वहिनी दारात उभी राहून म्हणाली होती, "गाडी कुठली आणि खुराडं कुठलं ते एकदा सांगा, म्हणजे झाडू कुठला घ्यायचा ते कळेल." पुढे कोणी विचारलं तर ती सांगायची, "दोन मुलं वाढवली, यांनी एक लंगोट बदलला नाही. हिचं तेल मात्र तीनदा बदललं."

मिस्त्रीने आजूबाजूला पाहिलं. दादा सीटची कव्हरं आणायला गेला होता.

"माझ्याकडे आकडे ठोकायचे लोखंडी ठसे आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "सात ठोके. वर जरा मीठपाणी मारू, दोन दिवसांत गंज चढेल. नंबर कागदावर आहेच. आपण काय खोटा नंबर टाकतोय का?"

खरं सांगायचं तर मी क्षणभर विचार केला. नंबर तोच. गाडी तीच. कोणाचं काय बिघडणार?

"नको," मी म्हणाले. "तुम्ही ठोकलंत तर खाली जे आहे तेही जाईल."

"खाली काय आहे? खाली लोखंड आहे."

मी त्याला सांगितलं. वहीत जोर देऊन लिहिलं की खालच्या कोऱ्या पानावरही वळ उमटतात, वरचं पान फाडलं तरी. पोलादावर आकडा ठोकला की त्याच्या तळाखालचं पोलाद असंच दाबलं जातं. आकडा घासून गेला तरी दाबलेला भाग काही अंतर खाली उरतो. विशिष्ट आम्ल लावलं तर दाबलेलं पोलाद आजूबाजूच्या पोलादापेक्षा वेगळं झिजतं आणि आकडा पुन्हा दिसतो. थोडा वेळ.

"थोडा म्हणजे?"

"मिनिटभर. कधी काही सेकंद. मग तोही झिजून जातो."

"आणि पुन्हा लावलं की पुन्हा दिसतो?"

"बहुतेक नाही."

मिस्त्रीने पेन्सिल कानावर ठेवली. "ताई, दादांना तुम्ही सांगा. मी आज जेवायला लवकर जातो."

मी मायक्रोमीटरने पट्टी मोजली. कडेपेक्षा शून्य पूर्णांक तीन मिलिमीटरने पातळ झाली होती. आकडे साधारण तेवढेच खोल असतात. म्हणजे मी त्यांच्या तळापर्यंत पोचले होते. तळावर थांबले होते की तळाच्याही खाली गेले होते, ते मोजून कळणार नव्हतं.

दादा कव्हरांचं गाठोडं घेऊन आला, तेव्हा मी ओट्याजवळ उभी होते आणि वहिनी भाजी निवडत होती. मी तीन वाक्यांत सांगितलं.

तो बाहेर गेला. पट्टीवरून अंगठा फिरवून परत आला.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तुला साफ कर म्हटलं होतं. आरसा कर म्हटलं होतं का?"

"चुकलं, दादा."

"लहानपणी माझा रेडिओ उघडलास तेव्हाही हेच म्हणालीस."

"अहो, तो रेडिओ तिने पुन्हा चालू करून दिला होता," वहिनी मान वर न करता म्हणाली.

"एक स्क्रू उरला होता!"

मी शुक्रवारचा बेत सांगितला, साहेबांसमोरच आम्ल लावून आकडे वर आणायचे. दादाने विचारलं, आत्ताच का करत नाहीस, फोटो काढून ठेवू. मी म्हणाले, आकडे एकदाच दिसतील. मी एकटीने काढलेला फोटो म्हणजे माझा फोटो. घासलं कोणी, तर मी, आणि दिसलं कोणाला, तर मला. निरीक्षक का मानेल? त्याच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं.

"आणि नाही आलं तर त्याच्या डोळ्यांसमोरच नाही येणार."

"हो."

त्यानंतर शुक्रवारपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. मी रोज कारखान्यातून सुटल्यावर जाऊन पट्टीवर तेलाचा हात फिरवून यायचे, गंज धरू नये म्हणून. तो गाडीच्या पलीकडच्या बाजूला काम करत असायचा. मला त्याचे फक्त बूट दिसायचे.

प्रयोगशाळेत मी सरावासाठी तीन भंगार पट्ट्यांवर आकडे ठोकून घेतले, घासले आणि द्रावण लावलं. पहिल्या वेळी सगळे आले. दुसऱ्या वेळी पाचातले तीन. तिसऱ्या वेळी मी जाणूनबुजून थोडं जास्त घासलं, आणि काहीच आलं नाही. त्या कोऱ्या पट्टीकडे मी बराच वेळ बघत बसले. जास्त म्हणजे किती, ते मी मोजलं होतं. केसाच्या जाडीएवढं.

शुक्रवारी अकराला निरीक्षक आला. पन्नाशीचा, हातात क्लिपबोर्ड, चेहऱ्यावर आधीच्या तीन गाड्यांचा कंटाळा. दादाने त्याला सगळं सरळ सांगितलं, आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही माझी बहीण. हिनेच केलंय, हीच निस्तरेल."

निरीक्षकाने पट्टी पाहिली. "नंबर घासलेला आहे. नियमाने मी इथेच शेरा मारून परत जायला हवं."

"दहा मिनिटं द्या," मी म्हणाले. "तुम्ही कागदावरचा नंबर पाहिलाय का?"

"फाईल अजून उघडली नाही."

"मग उघडू नका. वहिनीकडे द्या. जे दिसेल ते तुम्हीच वाचा, तुम्हीच लिहा. आमच्यापैकी कोणी तोंड उघडणार नाही."

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग फाईल वहिनीच्या हातात दिली. "उघडायची नाही हं, बाई."

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही," वहिनी म्हणाली, "आणि चष्मा आत आहे."

दादा बॉनेटला टेकून उभा राहिला. तो नंबर त्याला पाठ होता. त्याने ओठ आत ओढून घेतले होते, लहान मूल औषध नको म्हणताना ओढतं तसे.

मी हातमोजे घातले. द्रावण हिरवट होतं, तांब्याच्या क्षाराचं आणि आम्लाचं. पट्टीवरचं तेल पुसलं, कापसाचा बोळा चिमट्यात धरला आणि डावीकडून उजवीकडे एका चालीत फिरवायला लागले. पट्टी काळसर झाली. मिस्त्री तिरपी बॅटरी धरून होता. अर्धं मिनिट. एक मिनिट. काही नाही. माझ्या घड्याळाचा काटा सोडून मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दीड मिनिट.

"चार," निरीक्षक म्हणाला.

तो कंबरेत वाकला होता. "चार आहे. पुढे शून्य. मग... सहा. हो, सहा." पेन चालत होतं. "मग काही नाही. मग नऊ. तीन. शेवटचा पाच." त्याने मोबाइल काढून फोटो घेतले. तो फोटो घेत असतानाच चार फिका पडायला लागला.

"सहा झाले," तो म्हणाला. "चौथा नाही."

चौथ्या जागी रविवारी मला सगळ्यात मोठा खड्डा दिसला होता. तिथे मी सगळ्यात जास्त वेळ घासलं होतं.

"सहावर चालत नाही का, साहेब?" मिस्त्रीने विचारलं.

"सहावर दहा गाड्या निघतील."

मी दादाकडे पाहिलं नाही. पाहिलं तर त्याच्या तोंडावर आकडा दिसेल, अशी भीती वाटली. चिमट्याच्या टोकाला कापसाचा एक धागा गुंडाळला, फक्त त्या जागेपुरता, आणि पुन्हा सुरू केलं. बाजूचे आकडे एकेक करून गेले. तीन मिनिटं. चार. हातमोज्यात बोटं घामाने घसरत होती. सरावाच्या तिसऱ्या पट्टीवर मी सहा मिनिटांनी थांबले होते. पाच मिनिटं झाली. पट्टी नुसती काळी.

"बाई, पुरे आता," निरीक्षक म्हणाला.

"अजून थोडं."

मी पुसलं आणि मिस्त्रीला बॅटरी खालून धरायला सांगितली. एक वळण होतं. ओरखडाही असू शकला असता.

निरीक्षक गुडघ्यावर बसला. पँटला डांबर लागलं तरी त्याला कळलं नाही. "सात आहे," तो म्हणाला. मागे दादाचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. "थांबा, बॅटरी डावीकडे घ्या. अजून डावीकडे. खाली आडवी रेघ आहे." तो आणखी जवळ गेला. "सात नाही. दोन. दोन आहे हा."

त्याने फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत पट्टी पुन्हा काळी झाली होती.

"बाई, फाईल उघडा."

"चष्मा," म्हणत वहिनी आत पळाली. परत आली, पानं उलटली, पुन्हा उलटली. मग तिने एकेक आकडा वाचला आणि निरीक्षकाने क्लिपबोर्डवर एकेकावर बारीक खूण केली. सात खुणा झाल्या.

तो उठला, गुडघे झटकले आणि शेरा लिहिला. आकडे आपण स्वतः पाहिल्याचं लिहिलं, घासले गेल्याचंही लिहिलं. पंधरा दिवसांत कार्यालयात गाडी आणायची, तिथे नंबर पुन्हा ठोकून मिळेल. "तोपर्यंत त्या जागेला कोणीही हात लावायचा नाही," तो म्हणाला.

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत दादा तसाच टेकून उभा होता. मग माझ्याजवळ आला, माझ्या हातातला चिमटा काढून घेतला.

"ऐकलंस ना, साहेब काय म्हणाले?" मंगळवारनंतर तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होता. "कोणीही म्हणजे तूसुद्धा."