दोन माणसांची पिशवी

संस्थेच्या लोकांनी वाडीत संकटकाळाच्या पिशव्या वाटल्या, तेव्हा माणसं मोजली ती रेशनकार्डावरून. कोंडाजीच्या कार्डावर त्याचं आणि त्याची बायको रतनबाईचं अशी दोनच नावं, म्हणून त्यांना दोन माणसांची पिशवी मिळाली. घरात तिसरं माणूस होतं हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. कोंडाजीची थोरली बहीण आक्काबाई नवरा गेल्यापासून एकतीस वर्षं त्याच घरात राबत होती. पण डोंगराकडची जमीन बंगलेवाल्यांना विकताना तिनं हक्कसोडपत्रावर अंगठा दिला, आणि पाठोपाठ तिचं नाव कार्डावरूनही गेलं. त्या दिवशी तिला एक लुगडं मिळालं आणि माहेर तुटणार नाही असा भावाचा शब्द. बहिणीनं हिस्सा मागू नये हे आपल्याकडं बायकांना वेगळं शिकवावं लागत नाही. आक्काबाईला तर लुगड्याचंही अप्रूप वाटलं होतं.

पिशवी कशी वापरायची ते शिकायला घरटी एक माणूस शाळेत बोलावलं होतं. कोंडाजीचा पत्त्यांचा डाव मोडवत नव्हता आणि रतनबाईचे गुडघे ऐन वेळी दुखायला लागले, तेव्हा आक्काबाई गेली. संस्थेच्या प्रतीक्षानं दाखवलेलं सगळं तिनं पदराला गाठ मारून आणलं. चकाकतं पांघरूण न फाडता कसं उलगडायचं, टॉर्चचा दांडा कसा फिरवायचा, पाण्यात गोळी टाकल्यावर अर्धा तास का थांबायचं. आणि नितळ झरा एकाएकी तांबडा झाला, तर दरड येणार समजून, विचार करत न बसता घर सोडायचं. दर अवसेला ती पिशवी खुंटीवरून काढून पुसायची. आता वन्सं पिशवीला हळदकुंकू वाहणार, असं रतनबाई शेजारणीला सांगत हसायची.

श्रावणात पाच दिवस झड लागली. सहाव्या दिवशी दुपारी आक्काबाई झऱ्यावर गेली, तर पाणी लाल मातीचं. हंडा तिथंच टाकून ती घरी पळाली, पिशवी पाठीला मारली आणि तिच्यातली शिट्टी गळ्यात अडकवून वाडीभर वाजवत फिरली. पावसाळ्यात पाणी गढूळ व्हायचंच, म्हातारीला चळ लागलाय, असं म्हणत कोंडाजी उंबऱ्यातच बसून राहिला. तिनं त्याला दंडाला धरून ओढलं. तासाभरात बंगल्यांसाठी कापलेला उतार खाली आला. कोंडाजीचं घर गोठ्यासकट गाडलं गेलं, पण वाडीतलं माणूस एकही गेलं नाही.

खालच्या गावातल्या शाळेत सगळ्यांना आणलं. प्रतीक्षा दारात बसून यादी करत होती. या यादीवरूनच पुढं नव्या घरांचे कागद होणार, अशी कुणकुण रांगेत पसरली होती. कोंडाजीनं ती ऐकली होती. जमिनीतून एकदा काढलेलं नाव घराच्या कागदावर परत शिरलं तर काय, हा हिशोब त्यानं भिजल्या कपड्यांनिशी उभ्याउभ्या केला. माणूस मरता मरता वाचला तरी त्याची खोड वाचतेच.

घरात किती माणसं, असं प्रतीक्षानं विचारलं. कोंडाजी म्हणाला, दोन.

"आणि या मावशी?"

"भन हाय माजी. पावनी आलीया."

आक्काबाई त्याच्या मागंच, हातभर अंतरावर उभी होती. तिला वाटलं, तो आत्ता वळून बघेल. तो वळला नाही. रतनबाई पायातला चिखल झटकत राहिली. प्रतीक्षानं वर बघून विचारलं, खरं का, मावशी? आक्काबाईला भावाच्या तोंडावर त्याला खोटं पाडता आलं नाही. तिनं मान हलवली. पाहुण्यांना आपापल्या गावी सोडायला संध्याकाळी जीप होती. गाव कोणतं, तर कोंडाजीनं चटकन उर्से सांगितलं. तिथल्या सासरच्या घराचं दार एकतीस वर्षांत तिच्यासाठी कुणी उघडलं नव्हतं.

तिनं पिशवी पाठीवरून काढून भावापुढं ठेवली आणि भिंतीशी जाऊन बसली. लुगडं अंगाला चिकटलं होतं. वाईट वाटण्यापेक्षा तिला लाज वाटत होती, एवढी वर्षं आपल्याला कळलं कसं नाही याची.

कोंडाजीला हुडहुडी भरली होती. त्यानं पिशवीतलं पांघरूण काढलं, दातानं पाकीट फोडलं, घडीला हिसका दिला. ते मधोमध टरकलं. दुसरं रतनबाईनं हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, पण उघडायचा धीर होईना. शेवटी कोंडाजीनं हाक मारली.

"आक्के, ह्ये कसं उलगडायचं, सांग की."

वर्गातली माणसं बघायला लागली. आक्काबाईचे हात सवयीनं उठले होते. तिनं ते परत मांडीवर ठेवले.

"शिकायला घरचं मानूस बोलावलं हुतं, कोंडा. मी पावनी."

फाटलेलं पांघरूण कोंडाजीनं तसंच खांद्यावर ओढलं.

संध्याकाळी जीपवाला दारात येऊन उर्शाच्या पाहुण्या मावशी कोण, असं विचारू लागला. आक्काबाई उठली. बरोबर घ्यायला तिच्याकडं काही नव्हतं. दोन माणसांच्या त्या पिशवीतली एक शिट्टी अजून तिच्या गळ्यात होती. ती तिनं परत दिली नाही.