हरवलेलं बावीस लिटर पाणी

खाणीतली माणसं तिला 'निचरेवाली' म्हणायची, आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं. खनिज काढून झालं की मागे उरलेल्या पोकळीत वाळू आणि पाणी कालवून भराव ओतायचा. वाळू आत बसते, पाणी तळाच्या भिंतीतल्या भोकांतून झिरपून बाहेर येतं. मिनिटाला किती येईल, याचा आधी अंदाज बांधणं हे तिचं काम. या पोकळीसाठी तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, तीस लिटर.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादमकाकांनी भिंतीशी बादली लावली. मिनिटात भरलं जेमतेम आठ लिटर.

"बाई, तुमच्या तिसाचं काही खरं नाही," काका म्हणाले. "बाकीचं आत तुंबलं असेल तर भिंत आपल्यासकट जाईल. मी माणसं वर काढतो."

"काढा," ती म्हणाली.

माणसं वर गेली. तिने भिंतीतल्या दाबमापकाकडे पाहिलं. काटा तसूभरही चढला नव्हता. तिने त्यावर टिचकी मारली, पुन्हा पाहिलं, आणि ती झटकन काकांकडे वळली.

"काका, तुंबलं असतं तर काटा चढला असता. पाणी आत नाहीच! दुसरीकडून पळतंय."

"कुठून पळेल? खाली अख्खा खडक आहे."

"नकाशात तसं आहे. चला, खरं काय ते बघू."

दोघं खालच्या मजल्यावर उतरली. तिसऱ्या वळणावर खळखळ ऐकू आली. दगड रचून बुजवलेलं जुन्या बोगद्याचं तोंड, आणि त्याखालून नळासारखी एकच धार! नकाशात या बोगद्याचा मागमूसही नव्हता.

वीस लिटरची बादली पंचावन्न सेकंदांत भरली.

"बावीस!" ती किंचाळली. "मिनिटाला बावीस, काका!"

"म्हणजे बावीस नि आठ..." काका बोटांवर मोजत राहिले आणि मधेच फिस्सकन हसले. "अगं बाई, तीस की गं!"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'गं' पहिल्यांदाच निघाला. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि गमबूट चिखलात आपटत त्यांना गरागरा फिरवलं. टोपीवरचे दिवे भिंतींवर भिरभिरले. "सोड, चक्कर येतेय!" म्हणत काका स्वतःच थांबेनात.

मग पालथ्या बादलीवर नकाशा पसरून ती तो बोगदा काढायला बसली; काकांनी बादली धरून ठेवली. रेघ नागमोडी गेली.

"सरळ काढ की," काका म्हणाले.

"आधी तुम्ही खिदळणं थांबवा, बादली हलतेय!"