गुरुदासचं ताट

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात गुरुदासचं किराणा दुकान होतं आणि गल्ल्यामागे तो बसला की खुर्ची दिसायची नाही. त्याच्या बायकोला, सुभद्राला, या देहाचा भारी अभिमान. नवरा असा अंगानं भरलेला म्हणजे बायकोच्या हाताला चव, हे बाजारात सगळ्यांनाच मान्य होतं.

मग बासष्ट साली त्याच्या छातीत कळ आली. मालवणच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं, हृदय एका माणसाचं आणि ओझं दोघांचं. वजन उतरलं नाही तर पुढचा झटका सोसणार नाही. तळलेलं बंद, खोबऱ्याचं वाटण बंद. सुभद्रा तिथेच रडायला लागली, म्हणून पथ्य समजावलं ते त्यांच्याच घरी राहणाऱ्या गुरुदासच्या थोरल्या विधवा बहिणीला, जानकीला. झालं! दुपारी सुभद्रा दुकानात बसू लागली आणि घरी जानकी भावाला पेज वाढू लागली.

गुरुदास उतरला. चढणीवर धाप लागेनाशी झाली. गाव म्हणे, जानकीनं भावाला वाचवलं. आणि तेच गाव सुभद्राला विचारी, नवऱ्याला पोटभर घालतेस ना? तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बहीणभाऊ जेवताना किती गोडीनं बोलत असतील, याचाच विचार करत ती गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून द्यायची.

एका रविवारी जानकी बारशाला जामसंड्याला गेली. सुभद्रानं कोंबडी शिजवली, वडे तळले, ताट भरून समोर ठेवलं. गुरुदास खाली मान घालून जेवत राहिला.

"इतक्या दिसांनी आज जेवलंय गो," तो म्हणाला.

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. त्यानं आणखी एका वड्याला हात घातला, तो हात मध्येच थांबला आणि छातीवर गेला. कपाळावर घाम डवरला. थोड्या वेळानं कळ ओसरली, तसं त्यानं पुन्हा ताट ओढलं. सुभद्रानं ते उचलून घेतलं.

गुरुदासनं तिच्याकडे पाहिलं. एवढ्या संसारात त्या डोळ्यांत तिनं असा द्वेष पाहिला नव्हता.

"तू पण जानकीसारखीच," तो म्हणाला.

म्हणजे रोज दुपारी जानकीच्या वाट्याला हे येत होतं. गोडीबिडी काही नाही.

संध्याकाळी जानकी परतली.

"वन्सं, उद्यापासून ह्येंका मी वाढतलंय," सुभद्रानं सांगितलं. "पेजच."

जानकीनं सुटकेचा श्वास सोडला. सुभद्राला मात्र नवऱ्याचा रागसुद्धा आता दुसऱ्या बाईला द्यायचा नव्हता.