माझा पहिला इंच

माझं कोणी खरं मानलं नाही, हे आधी सांगून टाकते. पंचवीस वर्षं मी जे होतं तेच दाखवत होते. पण त्या घरातल्या सुनेवर घर सोडायची पाळी आली, तेव्हा सगळे तिच्या हाताकडे बघत बसले. माझ्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही.

मी शिवणकामाची टेप बोलतेय. रंग पिवळा, आता मळून हळदीच्या जुन्या फडक्यासारखा झालाय. शिक्षण फार नाही. साठापर्यंतचे आकडे येतात, पुढचं मला विचारू नका. त्या साठातला पहिला इंचच माझ्याजवळ नाही. तो कुठे गेला आणि त्याच्यापायी काय झालं, तेच सांगायला बसलेय.

जन्माचं मला धूसर आठवतं. मी आधी एकटी नव्हतेच. एक लांबच लांब पिवळी नदी होती आणि तिच्यावर काळे आकडे एकामागून एक येऊन बसत होते. मग कापल्याचा आवाज आला आणि मी मी झाले. दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसल्या. पुढे कित्येक महिने एका दुकानात खिळ्यावर लटकून मी पेंगत होते. एक नवरा आपल्या नव्या बायकोसाठी शिलाई मशीन घ्यायला आला आणि मशीनवाल्याने मला वर फुकट दिलं. फुकट आलेल्याची किंमत नसते म्हणतात. असो.

ती नवी बायको म्हणजेच पुढची मास्तरीण. सगळा रस्ता तिला मास्तरीणच म्हणायचा. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगा आणि समोर मशीन. पण बाई हटली नाही. रस्त्याकडच्या खोलीत तिने लांब टेबल टाकलं, खिडकीत इस्त्री ठेवली आणि मला गळ्यात घातलं. तेव्हापासून मी तिच्या गळ्यातच.

माणसाला मोजणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही माणसाचा चेहरा बघता. मी त्याच्या छातीभोवती जाऊन टेकते. आत कुठेतरी दार वाजत असतं, एकसारखं, हळू. प्रत्येक जण माप देताना पोट आत ओढून घेतो आणि मला फसवायला बघतो. मग श्वास सुटतो आणि मी त्याच्याबरोबर सैल होते. दुपारी इस्त्रीची वाफ खिडकीतल्या उन्हात चढायची, मशीनची घरघर लागायची आणि मला वाटायचं, आपण अजून त्या पिवळ्या नदीतच आहोत. कितीतरी माणसं माझ्यातून वाहून गेली. किती मापं होती आणि कोणाची होती, ते आता एकमेकांत मिसळलंय.

दोऱ्यांच्या रिळांशेजारच्या फळीवर तिचं बायबल असायचं. आईने लग्नात दिलेलं. रोज सकाळी मशीनवरचं फडकं काढायच्या आधी ती त्याच्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "देवा, माझ्या हाताला यश दे." मग जिथे आशीर्वादाचं लिहिलंय ती पानं वाचायची, बोटाने ओळ धरून. कानउघाडणीच्या पानांकडे फारशी वळायची नाही. मी गळ्यातून बघत असायचे ना.

आता माझ्या पहिल्या इंचाचं. मला आणून थोडे दिवस झाले असतील. एका टोकाची पितळी टोपी उचकटली आणि तिची कड कपड्यात अडकायला लागली. रेशमाचा एक धागा ओढला गेला. मास्तरीण चिडली, कात्री घेतली आणि एकच्या आकड्यावर टोपीसकट मला कापून टाकलं. मला दुखलं नाही. नुसतं हलकं वाटलं, झोपेत पायरी चुकल्यावर वाटतं तसं. तो तुकडा तिने कुठे टाकला, ते मला दिसलं नाही.

तेव्हापासून तिची एक रीत पडली. माप घेतलं की माझ्यावरच्या आकड्यातून मनात एक वजा करायची आणि तोच आकडा बोलायची. कापताना एक वाढवून खूण करायची. पहिले काही दिवस आठवणीने, मग सवयीने, मग नकळत. वर्षं गेली आणि डोकं विसरून गेलं, हाताला मात्र ते माहीत राहिलं. अशी रीत एकटीच्या दुकानात चालते. दुसरा हात आला की घोळ होतो.

दुसरा हात आला तो सुनेचा. मुलगा दूरच्या गावी कामाला, वर्षाकाठी एकदा यायचा. सून इथेच. हुशार पोर, कमी बोलणारी, हात हलका. तिला कटिंग शिकायचं होतं. मास्तरिणीचे डोळे आता दमायला लागले होते, म्हणून तीही हो म्हणाली. ठरलं असं, की माप सासूने घ्यायचं आणि आकडा बोलायचा, सुनेने लिहायचा आणि कापायचं.

पहिल्याच आठवड्यात मला हातात घेऊन पोर म्हणाली, "आई, ही पुढून कापलेली आहे का?"

"कात्री चालव, तोंड नको," मास्तरीण म्हणाली. "पंचवीस वर्षं तिच्यावरच पोट भरलंय."

मी तिच्या बोटांत वळवळले. हो म्हण बाई, हो म्हण. पण टेपचं वळवळणं म्हणजे वारा, एवढंच माणसांना कळतं.

मग सुरू झालं. मास्तरीण एक वजा करून आकडा सांगायची, सून माझं टोक कापडाला लावून त्याच आकड्यावर खूण करायची. प्रत्येक कपडा एक इंच आखूड. पोलकी तंग व्हायला लागली. टपालकाकांचा नवा शर्ट आला तर गळ्याचं बटण लागेना.

"मास्तरीणबाई, शर्ट झकास आहे," ते म्हणाले. "फक्त यात श्वास घ्यायची सोय ठेवायला विसरलात."

"मी नाही विसरले," मास्तरीण म्हणाली आणि सुनेकडे बघितलं. "आमच्याकडे कापडाची फार काटकसर चाललीय सध्या."

सून खाली मान घालून उसवत बसली. खडूने आखलेली रेघ ती पुन्हा पुन्हा मोजायची. लिहिलेला आकडा आणि रेघ जुळायची. कपडा मात्र जुळायचा नाही. तिला वाटायला लागलं, आपल्याच हातात कसब नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

त्यातच नर्सिंगच्या शाळेचं काम आलं. तीस मुलींचे पांढरे अ‍ॅप्रन. मास्तरीण याच कामाची किती वर्षं वाट बघत होती. हे नीट झालं की दरवर्षी मिळणार आणि दारावर पाटी लागणार, रंगीत. आम्ही त्यांच्या हॉलमध्ये गेलो. तीस मुली रांगेत उभ्या, घरापासून लांब आलेल्या. एकीच्या खांद्यावरून मी खाली सोडली गेले तेव्हा ती आतल्या आत हुंदके देत होती. मला ते कापडाच्या आतून समजलं. शाळेचा नियम होता, अ‍ॅप्रन गुडघ्याखाली चार बोटं हवा.

तीसच्या तीस परत आले. शाळेच्या मेट्रनबाईंची चिठ्ठी होती, की अ‍ॅप्रन गुडघ्याखाली चार बोटं भरत नाहीत. "सोमवारी मी स्वतः येते. कापणारा हात कोणाचा ते मला कळलं पाहिजे."

त्या दिवशी मास्तरीण ओरडली नाही. खुर्चीत बसून तिने मुलाला पत्र लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "हिला या धंद्याचा हात नाही. इथे ठेवून माझं नाव जाईल. रजा घेऊन ये आणि हिला तिच्या भावाकडे पोचव." पाकीट बंद करून तिने कात्रीखाली ठेवलं. टपालकाका सोमवारीच यायचे.

"आई, मी पुन्हा मोजते ना," सून म्हणाली.

"मोजून मोजून किती मोजशील," मास्तरीण म्हणाली. "मापात राहायला पाहिजे माणसाने."

रविवारी मास्तरीण प्रार्थनेला गेली. सून एकटीच घरी. भांडी झाली, केर झाला. मग तिने फळीवरचं बायबल काढलं. त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर कडांना फाटलं होतं. जायच्या आधी सासूला काहीतरी द्यावं, असं मनात आलं असावं. उरलेलं निळं कापड घेतलं. मला हातात घेऊन पुस्तक मोजलं आणि माझ्यानेच मोजून कापड कापलं. खिडकीत ऊन होतं, धुळीचे कण सावकाश तरंगत होते. ती शिवत होती आणि मी पुस्तकावर पसरून पडले होते. त्या पानांच्या आतून मला कोणीतरी ओळखीचं हाक मारतंय, असं वाटत राहिलं. मी त्याला स्वप्न समजले.

सोमवारी सकाळी मास्तरिणीने यशाची प्रार्थना करायला हात पुढे केला आणि थबकली. पुस्तकावर निळं कव्हर होतं. तिने ते उलटंपालटं केलं, चूक शोधायला. चूक नव्हती. कातडीसारखं बसलं होतं.

"माप कोणी घेतलं?"

"मीच."

"आणि कापलं?"

"मीच, आई."

मास्तरिणीने मला गळ्यातून काढलं आणि पुस्तकाच्या उभ्या कडेला लावलं. "नऊ," ती म्हणाली.

"दहा आहे," सून म्हणाली.

"नऊ."

"आई, बघा ना. दहा. इथे लिहिलंय."

"अगं, एक सोडायचा असतो, एवढंही कळत नाही का?"

ते वाक्य तोंडातून गेलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. 

"मला कधी सांगितलंत?" सून हळू म्हणाली. "मी विचारलं होतं."

मास्तरिणीने माझं टोक डोळ्याजवळ नेलं. कितीतरी वेळ ती कापलेली कड अंगठ्याने चाचपत राहिली. मग कुठलासा जुना दिवस तिच्या चेहऱ्यावर उतरताना मला दिसला. तिने बायबल घेतलं आणि भराभर पानं उलटायला लागली, जी पानं ती कधी उघडत नसे ती. मध्येच एका ठिकाणी काहीतरी चकाकलं.

तो माझा पहिला इंच होता. पितळी टोपीसकट. तेव्हा नवी नवी वाचायला बसली असताना तिने तो खूण म्हणून ठेवला होता आणि त्या पानाकडे पुन्हा आली नव्हती. पितळ हिरवं पडून कागदावर डाग उमटला होता. पंचवीस वर्षं माझा एक इंच शास्त्र शिकत होता आणि बाकीची एकोणसाठ इंच मी अडाणी, माणसांच्या गळ्यांभोवती फिरत होते.

डागाखालच्या ओळींवर मास्तरिणीने बोट ठेवलं आणि वाचलं. एका घरात दोन मापं असली तर ती देवाला सोसत नाहीत, असं काहीसं होतं तिथे. आणि जवळच, कानउघाडणी ज्याला ऐकवत नाही त्याला शहाणपण येत नाही, अशा अर्थाचं. तिने ते दोनदा वाचलं.

"पंचवीस वर्षं यश मागितलं," ती शेवटी म्हणाली. "अक्कल मागायची राहूनच गेली."

टपालकाका दारात आले. "पत्र आहे का काही?"

"होतं," मास्तरीण म्हणाली आणि पाकिटाचे चार तुकडे केले.

थोड्या वेळाने मेट्रनबाई आल्या. उंच, स्वच्छ, घाईत. त्यांनी अ‍ॅप्रनचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "कापले कोणी?"

"मी," सून म्हणाली. खोटं नव्हतंच ते.

"मग सोपं आहे," मेट्रनबाई मास्तरिणीला म्हणाल्या. "आमच्या कापडाला हिचा हात लागायला नको. तेवढं कबूल असेल तर पुढच्या वर्षीही तुम्हीच शिवा."

मी मास्तरिणीच्या गळ्यात होते. आत दार जोरजोरात वाजत होतं. पंचवीस वर्षं मागितलेलं यश टेबलापलीकडे उभं होतं. नुसती मान हलवली असती तर मिळालं असतं. पाटीही लागली असती.

"कापले तिने," मास्तरीण म्हणाली. "चुकवले मी."

"म्हणजे? टेप खराब आहे का?"

"टेपने कधी खोटं सांगितलं नाही. मी तिला कापली आणि पोरीला सांगितलं नाही. पोरीने विचारलं तेव्हा तिलाच गप्प केलं."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूने बोललं. माझे सगळे आकडे ओले झाल्यासारखे वाटले मला.

अ‍ॅप्रनला खाली दोन इंचांची दुमड होती, सुनेनेच शहाणपणाने ठेवलेली. दोघींनी समोरासमोर बसून तीसच्या तीस उसवले, एक इंच सोडला आणि पुन्हा टिपा घातल्या. मेट्रनबाई घेऊन गेल्या. पुढच्या वर्षीचं काम मात्र दुसरीकडे गेलं. पाटी अजून लागली नाही. देवाचं ऐकलं की लगेच पेढे वाटायला मिळतात, असं कोणी सांगितलं तर मानू नका. पण आता टेबलाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या आहेत, आकडा दोघी मिळून बोलतात आणि टपालकाकांना बटण लावून श्वास घेता येतो. मी पंचवीस वर्षं माणसं मोजली. यश याहून मोठं कधी मोजलेलं नाही.

आता गळ्यात नवी टेप असते, साठच्या साठ इंच. मी खिडकीशेजारी खिळ्यावर आहे. जन्मानंतर होते तशीच, पेंगत. पिवळी नदी पुन्हा दिसायला लागलीय. माझा पहिला इंच पुस्तकातच राहिला, त्याच पानात. ते पान रोज उघडलं जातं. तो तिथेच बरा.

एवढंच मागते. तुमच्या घरातली एखादी सून, एखादी पोर तुम्हाला काही विचारेल, तर कात्री खाली ठेवा आणि ऐका. ऐकायला कापड लागत नाही.

माझ्या कापलेल्या टोकाला आता पांढऱ्या कापडाची एक इंच पट्टी जोडलीय. मास्तरिणीने स्वतः, चष्मा लावून. सून म्हणाली, त्यावर एकचा आकडा भरा. बाईने ऐकलं नाही. चूक कोणाची होती ते पहिल्या इंचातच कळलं पाहिजे, म्हणाली. मग लाल दोऱ्याने, बारीक टाक्यांनी, एक दुपारभर बसून तिने तिथे एकच नाव भरलं. मला कोणीही हातात घेतलं, की मापाच्या आधी तेच वाचावं लागतं: मास्तरीण.