महादेवरावांना पोचलेले मेसेज

देवश्रीचं डोकं त्या दिवशी सकाळीच सणकलं, आणि का सणकू नये? जो माणूस जाऊन काही वर्षं झाली, त्याला कारखान्याच्या कॉम्प्युटरनं धडाधड मेसेज पाठवले होते, आणि वर ‘सगळे पोचले’ अशी हिरवी पट्टी दाखवून तो मोकळा झाला होता.

अमरावतीच्या एमआयडीसीत वामनरावांचा बॅटरीवरच्या फवारणी पंपांचा कारखाना आणि अकोल्याला त्यांचं विक्रीचं दुकान. कारखान्याचं सॉफ्टवेअर वेगळं, दुकानातल्या बिलांचं वेगळं, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. कोणत्या बॅचचा पंप कोणाच्या घरी गेला, हे कोणालाच सांगता यायचं नाही. ही दोन सॉफ्टवेअरं जोडून द्यायचं काम देवश्रीकडे होतं. जोडणी झाली, पेढे वाटले गेले, वामनरावांच्या केबिनमध्ये सगळे आकडे दाखवणारा भिंतभर पडदा लागला.

आणि मग कारखान्यात उघड झालं की एका बॅचच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या की तापून फुगतात. एकीनं तर तपासणीच्या टेबलावरच पेट घेतला. शेतकरी पंप घरात, खाटेखाली नाहीतर कोपऱ्यात चार्जिंगला लावतात. तेव्हा ज्यांनी ज्यांनी तो नेला, त्यांना ताबडतोब कळवायचं ठरलं. अहो, जोडणी केली ती याचसाठी ना? देवश्रीनं यादी उघडायच्या आधीच सॉफ्टवेअरनं आपले आपण मेसेज सोडले. मग तिनं गिऱ्हाइकांची नावं पाहिली. महादेवराव. महादेवराव. खाली पुन्हा महादेवराव.

महादेवराव म्हणजे वामनरावांचे वडील, दुकानाचे मूळ मालक. त्यांच्या माघारी दुकानात अशी पद्धत पडली की दिवसाचं पहिलं बिल त्यांच्या नावानं आणि त्यांच्याच नंबरावर फाडायचं, बोहनी म्हणून. श्रद्धा असते माणसाची, कोण नाही म्हणतं? पण पुढे सॉफ्टवेअर प्रत्येक बिलाला मोबाइल नंबर मागायला लागलं, आणि काउंटर सांभाळणाऱ्या देवीदासला सोपी वाट सापडली. सगळीच बिलं मोठ्या मालकांच्या नावावर! बोहनी दुकान बंद होईपर्यंत चालायची.

देवश्रीनं हे जोडणीच्या आधीच पाहिलं होतं. आधी खरी नावं, खरे नंबर भरू, मग जोडू, हे वामनरावांना सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला. कचऱ्याचे दोन ढीग एकत्र केले तर काय होणार, मोठा ढीग! देवीदासनं हात झटकले. शेतकरी नंबर देतच नाहीत, त्याला तो तरी काय करणार? वामनराव म्हणाले, बाबांचं नाव आहे तिथं राहू द्या, मले हंगामाच्या आत जोडणी पाहिजे.

आता तर त्यांनी कमालच केली. वकिलांशी बोलून त्यांनी देवश्रीला केबिनमध्ये बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. सर्व ग्राहकांना धोक्याची सूचना पोचली आहे, असं त्यात लिहिलेलं. जोडणी करणारी म्हणून तिची सही पाहिजे होती.

"पण कोणाला पोचली, साहेब? महादेवरावांचा फोन तर तुम्ही घरी कपाटात चालू ठेवलाय."

"पडद्यावर जे दिसून राहिलं त्याच्यावर सही करा न मॅडम. पोचले म्हणते ना मशीन?"

पेपरात जाहिरात द्या, गावोगाव गाडी फिरवा, असं ती म्हणाली. ऐन फवारणीच्या दिवसांत आपल्याच हातानं नाव खराब करू का, असं ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत सही झाली नाही तर उद्यापासून येऊ नका, हेही त्यांनी गोड आवाजातच सांगून टाकलं.

देवश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांच्या खाटेखाली विस्तव ठेवायचा आणि वर हिची सही! तिनं कागद टेबलावर तसाच टाकला, बस पकडली आणि तडक अकोल्याचं दुकान गाठलं. काउंटरजवळ खुर्ची ओढून बसली आणि येईल त्याला विचारत सुटली, आमचा बॅटरीचा पंप नेलाय का? देवीदास नुसता चरफडत राहिला.

दुपारी हिवरखेडचे जानराव नोझल घ्यायला आले. हो, पंप नेला होता त्यांनी. कुठे आहे? घरी, चार्जिंगला लावूनच ते निघाले होते, उद्या कपाशीवर मारायचं होतं. देवश्रीनं त्यांना पुढे बोलूच दिलं नाही, बॅटरी पेट घेते, आधी घरी फोन लावा म्हणाली.

फोन त्यांच्या सुनेनं, आचलनं उचलला. पंप मधल्या खोलीत होता आणि तिथेच तिचं तान्हं लेकरू झोपलेलं. "पहिले लेकराले घेऊन बाहेर निंग, मंग मेन स्विच पाड," एवढंच जानराव बोलले. पलीकडून पळापळीचा आणि लेकराच्या रडण्याचा आवाज आला. देवीदासचाही हात कीबोर्डावर थांबला.

"मामाजी," शेवटी आचल बोलली, तिला धाप लागली होती, "लय तापला जी पंप. प्लास्टिक वितळून राहिलं होतं."

पंपाले हात नको लावू, असं सांगून जानरावांनी फोन ठेवला. देवश्रीनं त्यांना पाणी दिलं आणि न राहवून म्हणाली, काका, बिलाच्या वेळी तुम्ही नंबर दिला असता तर आमचा मेसेज तुम्हाला सकाळीच आला असता.

जानरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग देवीदासकडे.

"देला होता न बाई. दोनदा सांगतला. यायनं लिवलाच नाही."

देवीदासनं तोंड फिरवलं. शेतकरी नंबर देत नाहीत म्हणे! इतके महिने हे आपणही ऐकून घेतलं, याचा देवश्रीला संताप आला. तिनं एका खोक्याचा पुठ्ठा फाडला. या दुकानातून नेलेला बॅटरीचा पंप चार्जिंगला लावू नका, परत आणा, असं त्यावर जाड अक्षरात लिहिलं आणि रस्त्यावरून दिसेल असा दाराला टांगला. जानरावांनी त्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. तोवर देवीदासनं वामनरावांना फोन लावून तिच्या हातात दिला होता.

"मॅडम, तो पुठ्ठा काढा अन् कागदावर सही करा. नाही तं आपला संबंध संपला."

"सही महादेवरावांची घ्या," देवश्री म्हणाली. "तुमचे सगळे मेसेज त्यांनाच पोचलेत."

फोन देवीदासला परत देऊन ती बाहेर आली. पुठ्ठ्यासमोर दोघं थांबून वाचत होते. त्यातला एक घाईघाईनं घरी फोन लावत होता.