खंडेनवमीची थंड भट्टी

शरदराव माझ्या लॅबची पायरी चढले तेव्हा मी त्यांना लगेच ओळखलं, आणि त्यांनी मला ओळखलं नाही. तिथूनच मला बरं वाटायला लागलं.

माझी लॅब बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत आहे. काम सांगायला सोपं आहे. दोन वस्तू एकमेकींवर घासायच्या आणि कोण किती झिजतं ते मोजायचं. फिरत्या चकतीवर मी एक पिन दाबून धरते, वर वजन टांगते, आणि शेजारच्या स्क्रीनवर घर्षणाची रेघ उमटत जाते. रेघ सरळ चालली की कोटिंग चांगलं. रेघ मध्येच उडाली की काहीतरी सुटलं. बेळगावात सिलिंडर आणि पंप बनवणारे कमी नाहीत, त्यामुळे माझं बरं चालतं.

शरदरावांचा हार्ड क्रोमचा कारखाना आहे. हायड्रॉलिकच्या रॉडवर ते क्रोम चढवून देतात, म्हणजे रॉड सिलिंडरात आत-बाहेर करताना झिजू नये. माझा मोठा भाऊ रवळू, आमचा अण्णा, त्यांच्याकडे टाकी आणि भट्टी सांभाळायचा. मी तेव्हा उचगावच्या शाळेत होते. अण्णा घरी आला की त्याच्या कपड्यांना आंबूस वास यायचा, आणि आम्हाला तो वास मोठ्या नोकरीचा वाटायचा.

क्रोमच्या कामात एक पथ्य असतं. टाकीत असताना कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. म्हणून माल टाकीतून निघाला की लगेच भट्टीत घालून बराच वेळ तापत ठेवायचा, म्हणजे तो हायड्रोजन निघून जातो. उद्यावर ढकललं की संपलं. वरून रॉड आरशासारखा चकाकतो आणि आत तडे धरतात.

आणि आमच्या भागात दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते, हत्यारांची आणि मशिनांची पूजा. आदल्या संध्याकाळी सगळी मशिनं धुवायची, पुसायची, मेन स्विच खाली करायचा, आणि पूजा होऊन नारळ फुटेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हे सगळेच करतात, मीही करते. फक्त शहाणा माणूस त्या दिवशी दुपारनंतर टाकीत माल सोडत नाही. शरदरावांना दोन्ही हवं असायचं, देवही आणि डिस्पॅचही. अण्णा त्या वर्षी म्हणाला होता, मालक, हा माल भट्टीत जाऊ द्या, मग स्विच पाडू. मालकांनी स्वतःच्या हाताने स्विच पाडला.

तो रॉड उसाच्या ट्रॉलीच्या जॅकमध्ये गेला आणि भर हंगामात तुटला. वर उचललेली ट्रॉली खाली आली आणि एका पोराचा पाय गेला. शरदरावांनी सगळ्या उद्यमबागेत सांगितलं की रवळू भट्टी लावायला विसरला. अण्णा भांडला नाही. मालकासमोर तोंड वर करून बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. त्या पोराची आई आमच्या दारात येऊन त्याला शिव्याशाप देऊन गेली, तेव्हाही तो मान खाली घालून उभा होता. मग कुठल्याच प्लेटिंगवाल्याने त्याला दारात उभं केलं नाही. आज तो उचगावच्या रस्त्यावर विळ्या-कोयत्यांना धार लावतो.

मी एम. टेक.ला झीज हा विषय का घेतला, असं लोक विचारतात. मी म्हणते, आवड. आता कळलं ना कसली आवड ते.

तर शरदराव आले. केस पांढरे झालेले, पण शर्ट तसाच कडक इस्त्रीचा. "मॅडम, हुबळीच्या मोठ्या पार्टीचं काम मिळतंय. त्यांना तुमचाच रिपोर्ट पाहिजे," असं म्हणाले, आणि माझ्या मशिनकडे बघून उगीच हसले. मी चहा मागवला.

हुबळीच्या पार्टीकडून क्वालिटी बघायला येणार होत्या निवेदिता मॅडम. त्यांना मी चांगली ओळखत होते. बाई कडक, पण त्यांचं एक तत्त्व होतं. मागे एका फाउंड्रीवाल्याने त्यांच्यासमोर कबूल केलं की चूक माझी, मीच घाई केली. त्याला त्यांनी सुधारायला मुदत दिली आणि काम चालू ठेवलं. दुसऱ्या एकाने तशीच चूक हेल्परवर ढकलली, तर चहा न पिता उठून गेल्या. आपल्या कानडी वळणाच्या मराठीत मला म्हणाल्या होत्या, "चूक सगळीकडे होते री. पण जो मालक माणसाला पुढे करतो ना, त्याच्याकडे खरं कधीच कळत नाही. तसल्याचा माल मला नको."

दसरा झाल्यावर त्या शरदरावांच्या कारखान्यात गेल्या आणि नमुने त्यांनी स्वतः रॅकवरून उचलले. मालकाने खास बनवून दिलेले तुकडे त्या घेत नाहीत. सील करून ते माझ्याकडे पाठवले. घेऊन आला शरदरावांचा आताचा फोरमन, कंग्राळीचा भावकू. शांत माणूस. चप्पल बाहेर काढून आत आला आणि सांगितल्यावरच बसला.

मी सील फोडलं आणि तुकड्यावर पंच केलेली तारीख बघितली. खंडेनवमीचा आदला दिवस.

"हा माल भट्टीत गेलता का?" मी सहज विचारलं.

भावकू जरा घुटमळला. "कुटं जातोय आक्का? सांजचंच मेन स्विच खाली. मी म्हटलंतं मालकांस्नी, एवढा माल भाजूंद्या, मग पूजा करू. न्हाय ऐकलं. दसरा झाल्यावर घातला भट्टीत. आता त्येचा काय उपेग?"

त्याला चहा दिला. तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून हसले. अगदी पोट धरून. इतकी वर्षं झाली, एका पोराचा पाय गेला, आमच्या घराची अब्रू गेली, आणि हा माणूस काहीएक शिकला नव्हता.

मशिन लावताना एक तुकडा वजन ठरवायला वापरायचा असतो. तो मी घासून बघितला. थोडा वेळ रेघ छान सरळ गेली. मग एकदम उडाली. चकती थांबवून भिंगाखाली बघितलं तर क्रोमला बारीक तडे, आणि पिनेच्या वाटेवर पापुद्रे सुटलेले. सुटलेला क्रोम पिनेखाली वाळूसारखा रगडला जाऊन बाकीचंही ओरबाडून काढत होता.

इथे मला एक फोन करायला हवा होता. शरदरावांना सांगता आलं असतं की भट्टीचं खरं सांगून टाका, बाई मुदत देतील. मॅडमना सांगता आलं असतं की माल असा का आहे. यातलं मी काहीही केलं नाही. मला शरदराव ठाऊक होते. ते काय बोलणार हे मला मशिनच्या रेघेपेक्षा जास्त खात्रीने ठाऊक होतं. त्यांना फक्त बोलायला जागा द्यायची होती.

मी दोघांनाही एक दिवस दुपारी उशिरा लॅबमध्ये बोलावलं. म्हटलं, टेस्ट डोळ्यांदेखत होऊ दे. शरदराव भावकूला बरोबर घेऊन आले. मशिन चालू केलं. रेघ सरळ होती तोवर शरदराव मॅडमना आपल्या कारखान्याचा इतिहास सांगत होते. मग रेघ उडाली. पिनेखालून करकर आवाज यायला लागला आणि शरदरावांचा इतिहास थांबला.

मी तुकडा काढून भिंगाखाली ठेवला. निवेदिता मॅडमनी बराच वेळ वाकून बघितलं. मग सरळ झाल्या आणि विचारलं, "भट्टी लावली नव्हती वेळेवर?"

मी हात बांधून उभी राहिले.

शरदरावांनी क्षणभरही विचार केला नाही. "मॅडम, कारखाना म्हटला की माणसं आली. हा आमचा भावकू. दसऱ्याच्या गडबडीत विसरला असणार. आजपासून याला काढला. तुम्ही काळजीच करू नका."

तेच शब्द. फक्त नाव बदललेलं.

भावकूने आधी मालकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भिंग पुसायला घेतलं.

मॅडमनी पर्स उचलली. "आयतु," कानडीत म्हणाल्या, म्हणजे झालं, संपलं. "शरदराव, हे काम तुम्हाला मिळणार नाही. आणि आमच्या कुठल्याच युनिटचं मिळणार नाही." त्या पायऱ्या उतरल्या, गाडी सुरू झाली. शरदराव मागून धावले, पण काचा वर होत्या.

ते परत आले तेव्हा चेहरा पिठासारखा झाला होता. या कामाच्या भरवशावर त्यांनी नवी टाकी बसवली होती, मुलाला नोकरी सोडून बोलावून घेतलं होतं. हे सगळं ते मला का सांगत होते कोण जाणे. सहानुभूती हवी असेल. मी त्यांना खुर्चीही दिली नाही.

"शरदराव," मी म्हणाले, "मी रवळूची बहीण."

या वाक्याची मी किती वर्षं वाट बघितली होती. आंघोळ करताना, स्कूटर चालवताना, मी ते म्हणून बघायची.

शरदरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोण रवळू?"

मी त्यांना अक्षरशः हाकलून दिलं. भावकू कधी निघून गेला ते मी बघितलंही नाही.

संध्याकाळी मी आमच्या बेळगावची मिठाई, कुंदा घेतला आणि सरळ उचगावच्या रस्त्याला लागले. अण्णा कोयत्याला धार लावत होता. ठिणग्या उडत होत्या. मी धारेचा फिरता दगड बंद करायला लावला आणि त्याला सगळं सांगितलं, अगदी चवीने. शरदरावांचा चेहरा कसा पडला, गाडीमागे कसे धावले, सगळं. "संपला तो, अण्णा," म्हणाले. "तुझ्यावर ढकललं तसंच ढकलायला गेला आणि त्यातच संपला."

अण्णाने कुंद्याचा डबा हातात धरला होता, उघडला नव्हता.

"आन् त्यो भावकू?" त्याने विचारलं.

"त्याचं काय?"

"त्येला काढला न्हवं? आता समद्या उद्यमबागंत झालं आसंल, भावकू भट्टी लावायची इसरला म्हणून. त्यो इसरला हुता?"

"न्हाय," मी म्हणाले. घरी आलं की माझीही भाषा बदलते. "त्यानंच मला सांगितलं हुतं, मालकानं स्विच पाडला म्हणून."

"आदुगर सांगितलं हुतं?"

"व्हय."

अण्णाने डबा बाकावर ठेवला. तो माझ्यावर कधीच ओरडलेला नाही, तेव्हाही ओरडला नाही. "तेजस्वी, माझ्या येळंला माझ्या बाजूनं बोलायला तितं कोण न्हवतं गं. त्येच्या येळंला तू हुतीस."

"आरं, पण तुझ्यासाठीच केलं न्हवं मी!"

"माझ्यासाठी काय झालं? त्यो मालक आजबी म्हंतोय, कामगार इसरला. मग मीबी इसरलोच की." त्याने अंगावरची लोखंडाची भुकटी झटकली आणि सायकल काढली. "कंग्राळीत कुटं ऱ्हातोय त्यो?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. अण्णा म्हणाला, इचारत जातो, आणि गेला.

मी त्या बाकावर बसून राहिले. शरदरावांची मला तेव्हाही दया आली नाही, आजही येत नाही. पुन्हा संधी आली तर पुन्हा त्यांना तसंच बुडवीन. पण भिंग पुसताना भावकूच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम बघितलं नव्हतं, आणि आता तोच चेहरा डोळ्यांपुढून हलेना. मधल्या वर्षांत अण्णाचा चेहरा नेमका तसाच झाला होता.

भावकूला सोडवायचं तर मॅडमना भट्टीचं खरं सांगायला हवं होतं. ते सांगायचं तर मला ते आधीपासून माहीत होतं हेही सांगावं लागणार होतं. आणि जी लॅब माहीत असलेलं झाकून ठेवते, तिचा रिपोर्ट त्या बाई पुन्हा हातातही धरणार नाहीत. त्यांनी सोडलं की बाकीचेही सोडतील. उद्यमबागेत नाव जायला एक संध्याकाळ पुरते, हे आमच्या घराला कुणी शिकवायला नको.

मी फोन लावला. मॅडमनी लगेच उचलला. मागे गाडीचा आवाज येत होता, हुबळीला अजून पोचल्या नव्हत्या.

"मॅडम," मी म्हणाले, "भावकू भट्टी लावायला विसरला नव्हता. मालकाने बंद केली होती. आणि हे मला टेस्टच्या आधीपासून माहीत होतं."